हजार म्हणजे किती? फाईलचा आकार, दोन किलोबाइट आणि आसन्न संख्या



आजचा विषय वाचून काही जणांनी आयोजकांना विचारलं म्हणे, की तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाचं फाईलच्या आकाराशी काय काम? प्रश्न योग्य आहे. उत्तर एवढंच, की जिथे एका शब्दाचे दोन अर्थ होतात आणि त्यापायी कोणाचं तरी नुकसान होतं, तिथे तत्त्वज्ञानाचं काम निघतंच. तेव्हा आज आपण एका अगदी लहान गोष्टीचा इतिहास पाहू. फाईल केवढी आहे हे संगणक आपल्याला कसं सांगतो, आणि सांगता सांगता काय गाळतो.

एक उदाहरण डोळ्यांपुढे ठेवू. एका परीक्षेचा ऑनलाइन अर्ज आहे. फोटो ५० केबीपेक्षा मोठा नको, अशी अट आहे. शेवटच्या दिवशी एक मुलगी नेट कॅफेत बसून फोटो चढवते आहे. तिच्या फाईलमध्ये नेमके ५१,००० बाइट आहेत. विंडोजवर फाईलचे गुणधर्म उघडले तर आकार दिसतो ४९.८ केबी. त्याच विंडोजच्या फाईलच्या यादीत, तपशिलाच्या रकान्यात, दिसतो ५० केबी. तीच फाईल अ‍ॅपलच्या संगणकावर नेली तर ५१ केबी. आता अर्जाचा प्रोग्राम ज्याने लिहिला, त्याने ५० केबी म्हणजे ५०,००० बाइट धरले असतील तर फोटो नाकारला जाणार, आणि ५१,२०० धरले असतील तर स्वीकारला जाणार. मुलीच्या हातात काहीच नाही. तिने संगणकावर वाचलं ते खरं होतं, अर्जाने सांगितलं तेही खरं होतं, आणि तरी फोटो नाकारला गेला. या तीन आकड्यांत खोटं कोणीच बोललेलं नाही. मग झालं काय?

प्रोग्राममध्ये हे काम तीन-चार ओळींचं असतं. भाषा कोणतीही असो, सी, जावा, पायथन, पीएचपी, कृती सारखीच. आधी फाईलमध्ये किती बाइट आहेत ते विचारायचं. मग त्याला १,००० ने किंवा १,०२४ ने भागायचं. भागाकार फार मोठा आला तर पुन्हा भागायचं आणि केबीऐवजी एमबी म्हणायचं. शेवटी एक-दोन दशांश स्थळांपर्यंत राउंड करायचं. मोजणं, भागणं, नाव देणं, राउंड करणं. चार पायऱ्या आहेत, आणि पहिली सोडली तर प्रत्येक पायरीवर कोणाला तरी निर्णय घ्यावा लागतो. हे निर्णय कोणी, कधी आणि का घेतले, हाच आजचा इतिहास.

पहिली पायरी झटकन संपवू. 'बाइट' हा शब्द १९५६ साली वेर्नर बुखहोल्ट्झ या अभियंत्याने आयबीएमच्या 'स्ट्रेच' संगणकाच्या कामात बनवला. 'बिट'शी घोळ होऊ नये म्हणून त्याचं इंग्रजी स्पेलिंग मुद्दाम बदललं. सुरुवातीला बाइट म्हणजे आठच बिट असा काही नियम नव्हता, सहा बिटांची अक्षरंही चालत. १९६४ मध्ये आयबीएमने 'सिस्टिम ३६०' जाहीर केली आणि तिच्या प्रसारामुळे आठ बिटांचा बाइट रूढ झाला. फाईलमधले बाइट मोजणं म्हणजे पूर्णांक मोजणं. यात दुमत नाही. ५१,००० म्हणजे ५१,०००.

भांडण सुरू होतं दुसऱ्या पायरीवर. 'किलो' हा शब्द मूळ ग्रीक, अर्थ हजार. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात, १७९५ च्या कायद्याने, मेट्रिक मापांसाठी तो घेतला गेला. किलोग्रॅम म्हणजे हजार ग्रॅम, किलोमीटर म्हणजे हजार मीटर. १९६० साली आंतरराष्ट्रीय एकक पद्धती ठरली, तेव्हा किलो, मेगा, गिगा, टेरा ही सगळी भावंडं दहाच्या घातांची म्हणून पक्की झाली. इथवर गोंधळ नाही.

पण संगणकाची स्मृती दहाने मोजत नाही. स्मृतीतल्या प्रत्येक घराला पत्ता असतो आणि तो पत्ता शून्य आणि एक यांनी लिहिलेला असतो. पत्त्यासाठी एक तार असेल तर दोन घरं, दोन तारा असतील तर चार, तीन असतील तर आठ. दहा तारा झाल्या की १,०२४ घरं. यात कोणाची आवडनिवड नाही. ज्यांनी शाळेत वृत्तं शिकली आहेत त्यांना हे सहज कळेल. पिंगलाच्या छंदःशास्त्रात प्रस्तार नावाची रीत आहे. प्रत्येक अक्षर लघु किंवा गुरू, दोनच शक्यता. मग दहा अक्षरांच्या चरणाची लगक्रमानुसार किती रूपं होतील? १,०२४. आमच्या पूर्वजांनी संगणक शोधला होता, असा याचा अर्थ कोणी काढू नये, आम्ही तर मुळीच काढत नाही. अर्थ एवढाच, की 'दोनच शक्यता' असं म्हटलं की १,०२४ ही संख्या आपोआप येते, मग तुम्ही कविता मोजा नाहीतर तारा मोजा. लाइब्निट्झ या तत्त्वज्ञाने १७०३ च्या निबंधात सगळी संख्यापद्धती शून्य आणि एकावर मांडून दाखवली, तीही याच वाटेने.

आता १,०२४ ही संख्या हजाराच्या किती जवळ! फरक २.४ टक्क्यांचा. १९६०च्या दशकात स्मृती मोजायची ती काही हजारांत. तेव्हा अभियंत्यांनी सोय पाहिली आणि १,०२४ ला 'के' म्हणायला सुरुवात केली. 'सिस्टिम ३६०'ची रचना सांगणाऱ्या १९६४ च्या प्रसिद्ध लेखातही 'के' म्हणजे १,०२४ आहे. पण सगळे तसं म्हणत नसत. ६५,५३६ ही स्मृतीची नेहमीची संख्या. तिला कोणी '६४ के' म्हणे, कारण ६४ गुणिले १,०२४. कोणी '६५ के' म्हणे, कारण पासष्ट हजारांच्या वर. एकाच यंत्राला दोन नावं.

हे लोकांच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. १९६८ साली अमेरिकेतल्या संगणकतज्ज्ञांच्या संस्थेच्या मासिकात यावर पत्रव्यवहार झाला. डोनाल्ड मॉरिसन यांनी सुचवलं, की १,०२४ साठी ग्रीक 'कप्पा' हे अक्षर वापरू, म्हणजे 'के'शी गोंधळ नको. वॉलेस गिव्हेन्स यांनी 'के'च्या आधी बायनरीचा लहान 'बी' लावायचं सुचवलं. ब्रूस मार्टिन यांनी आणखी वेगळी खूण काढली. सूचना तिन्ही चांगल्या होत्या. एकही रुजली नाही. का? कारण त्या वेळी नुकसान कोणाचंच होत नव्हतं. यंत्र वापरणारे सगळे जाणकार होते, त्यांना संदर्भावरून कळायचं. शब्द संदिग्ध असला तरी समाज छोटा असला की चालून जातं. घरात 'ताई' म्हटलं की कोणती ताई हे सगळ्यांना कळतं, पण रेल्वे स्टेशनवर 'ताई' म्हणून हाक मारली तर दहा जणी वळून पाहतात.

तिकडे डिस्क बनवणारे मात्र आधीपासून दहाच्या हिशोबाने बोलत होते. आयबीएमची १९५६ ची पहिली डिस्क पन्नास लाख अक्षरांची म्हणून विकली गेली, सरळ दशमान पन्नास लाख. त्यातही गैर काही नव्हतं. डिस्कवर चकत्या किती, वर्तुळं किती, प्रत्येक वर्तुळावर तुकडे किती, यांचा गुणाकार म्हणजे तिची क्षमता. तिथे पत्त्याच्या तारांची सक्ती नाही, म्हणून दोनाचा घात यायचं कारण नाही. दूरसंचारवालेही दशमानच. ५६ किलोबिटचा मोडेम म्हणजे सेकंदाला ५६,००० बिट. म्हणजे एकाच यंत्राच्या पोटात स्मृती दोनाच्या घाताने मोजली जात होती, आणि डिस्क व तार दहाच्या घाताने. शब्द मात्र सगळीकडे एकच.

या संकराचं सगळ्यात मजेदार अपत्य आपल्यापैकी अनेकांनी हाताळलेलं आहे. साडेतीन इंची फ्लॉपी, जिच्यावर '१.४४ एमबी' लिहिलेलं असे. हिशोब करू. ८० वर्तुळं, दोन बाजू, दर वर्तुळावर १८ तुकडे, दर तुकड्यात ५१२ बाइट. गुणाकार होतो १४,७४,५६०. दशमान मेगाबाइट, म्हणजे दहा लाख, धरला तर ही १.४७ एमबी. दोनाच्या घाताचा, म्हणजे १०,४८,५७६ चा, धरला तर १.४१ एमबी. मग १.४४ कुठून आलं? तर १,४४० गुणिले १,०२४. एकदा १,०२४ ने भागलं, केबी मिळाले १,४४०, आणि मग एमबी करताना १,००० ने भागलं. अर्धा हिशोब या पद्धतीने आणि अर्धा त्या. या अर्थाने 'मेगाबाइट' कोणत्याच कोशात नव्हता, फक्त त्या फ्लॉपीवर होता. आणि लाखो लोकांनी तो वर्षानुवर्षं वापरला.

आता एक गणिती गोष्ट लक्षात घ्या, कारण पुढचे खटले तिच्यावर उभे आहेत. किलोला फरक २.४ टक्के. मेगाला १,०२४ चा वर्ग, फरक जवळजवळ ४.९ टक्के. गिगाला ७.४ टक्के. टेराला जवळजवळ १० टक्के. फरक प्रत्येक पायरीला वाढत जातो, चक्रवाढ व्याजासारखा. १९६८ साली जो फरक 'चालायचंच' म्हणून सोडून दिला, तो डिस्क गिगाबाइटमध्ये आल्यावर ग्राहकाच्या डोळ्यांत खुपायला लागला. एक टेराबाइटची डिस्क विकत आणावी, विंडोजला जोडावी, आणि तिने ९३१ जीबी दाखवावेत. माणूस म्हणणारच, की माझे सत्तर जीबी कुठे गेले?

ते कुठेही गेलेले नसतात. बाइट पूर्ण असतात, एक लाख कोटी. डिस्कवाल्याने हजाराने भागलं, विंडोजने १,०२४ ने भागलं, आणि दोघांनी नाव एकच लावलं. पण अमेरिकेत यावर रीतसर दावे झाले. वेस्टर्न डिजिटलने २००६ मध्ये तडजोड केली आणि ग्राहकांना बॅकअपचं सॉफ्टवेअर देऊ केलं. सीगेटने २००७ मध्ये ग्राहकांना किमतीचे पाच टक्के किंवा सॉफ्टवेअर देऊ केलं. पुढे पेन ड्राइव्हबद्दलचा असाच एक दावा कॅलिफोर्नियातल्या संघीय न्यायालयात आला. न्यायालयाने २०२० मध्ये तो फेटाळला. व्यापारात गिगाबाइट म्हणजे शंभर कोटी बाइट, ही अमेरिकेच्या मानक संस्थेची व्याख्या ग्राह्य धरली गेली. शब्दाचा अर्थ काय हे शेवटी न्यायाधीशांना सांगावं लागलं. भाषेच्या तत्त्वज्ञानात आम्ही वर्षानुवर्षं शिकवलं, की अर्थ म्हणजे वापर. पण वापर दोन असतील आणि पैसे गुंतलेले असतील, तर कोणाचा वापर? इथे त्या सिद्धान्ताची परीक्षा होते.

यावर तोडगा निघाला नव्हता असंही नाही. डिसेंबर १९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाने, आयईसीने, नवी नावं मंजूर केली. १,०२४ बाइट म्हणजे 'किबिबाइट', त्याच्या पुढे 'मेबिबाइट', 'गिबिबाइट', 'टेबिबाइट'. त्यातला 'बि' बायनरीचा. किलो, मेगा, गिगा मात्र दहाचेच राहतील. तर्काच्या दृष्टीने निर्दोष तोडगा. दोन वस्तू आहेत, तर दोन नावं द्या.

पंचवीस वर्षं उलटून गेली. तुमच्यापैकी किती जणांनी आयुष्यात 'गिबिबाइट' हा शब्द उच्चारलाय? हात वर करा. तीन... चार. बरोबर.

हा तोडगा का अडला हे समजून घ्यायचं असेल, तर आपल्याच देशातलं एक रूपांतर आठवू. १ एप्रिल १९५७ ला भारतात दशमान नाणी आली. त्याआधी रुपयाचे सोळा आणे, चौसष्ट पैसे, एकशे ब्याण्णव पै. सोळा आणि चौसष्ट, दोन्ही दोनाचे घात. आपली जुनी मापंही अशीच, शेराच्या सोळा छटाका. पाव, निम्मा, पाऊण, सव्वा, दीड हे शब्द आणि पावकी, निमकी, पाऊणकीचे पाढे याच अर्ध्यावर अर्धं करत जाण्याच्या सवयीतून आले. तराजूने निम्मं करणं सोपं, दहा भाग करणं अवघड. तेव्हा दोनाचे घात हे काही फक्त यंत्राचं खूळ नव्हे, व्यापाऱ्याच्या हातातही ते होतेच.

तर १९५७ साली नवा पैसा आला रुपयाचा शंभरावा भाग, आणि जुना पैसा होता चौसष्टावा. शब्द एक, अर्थ दोन. आपल्या सरकारने काय केलं? नव्याला 'नया पैसा' असं वेगळं नाव दिलं. आयईसीने एकेचाळीस वर्षांनी जे केलं, तेच. आणि ते इथे यशस्वी झालं. १ जून १९६४ पासून 'नया' हा शब्द गळलासुद्धा, कारण गरज उरली नाही. जुना पैसा चलनातून जात राहिला, आणि पाठोपाठ त्याचा अर्थही गेला. संगणकात ते झालं नाही, कारण तिथे जुनं नाणं मागे घेणारं कोणी नाही. स्मृतीच्या चिप आजही दोनाच्याच घाताने बनतात. त्या उद्योगाची मानकं ठरवणाऱ्या जेडेक या संस्थेनेही किलो, मेगा, गिगा हे शब्द १,०२४ च्या अर्थाने आपल्या कोशात ठेवले. अ‍ॅपलने २००९ मध्ये आपली प्रणाली हजाराच्या हिशोबावर नेली, विंडोज १,०२४ वरच राहिली. नवं नाव दिल्याने संदिग्धता मिटत नाही, मित्रहो. जुनं नाणं बाजारातून जावं लागतं, तेव्हा ती मिटते.

पण १९५७ च्या रूपांतरात आणखी एक धडा आहे, आणि तो आपल्याला शेवटच्या पायरीकडे नेतो. राउंड करणं. एक आणा म्हणजे सव्वासहा नये पैसे. सव्वासहाचं नाणं नाही, तेव्हा तक्ते छापले गेले. एक आणा सहा नये पैसे. दोन आणे साडेबारा, तक्त्यात बारा. तीन आणे पावणेएकोणीस, तक्त्यात एकोणीस. चार आणे बरोबर पंचवीस. नियम असा, की अर्धा किंवा त्याहून कमी अंश सोडायचा, जास्त असेल तर पूर्ण धरायचा. आता गंमत पाहा. एकाने चार आण्यांची वस्तू एकदम घेतली, त्याने पंचवीस नये पैसे दिले. दुसऱ्याने एकेका आण्याची वस्तू चार वेळा घेतली, त्याने चोवीस दिले. रक्कम तीच, पण राउंड किती वेळा केलं यावर उत्तर बदललं.

याचा फार मोठा नमुना कॅनडात घडला. व्हँकुव्हरच्या शेअर बाजाराने जानेवारी १९८२ मध्ये नवा निर्देशांक सुरू केला, सुरुवात १,००० पासून. प्रत्येक व्यवहारानंतर, दिवसातून हजारो वेळा, तो नव्याने काढला जाई आणि तीन दशांश स्थळांनंतरचे अंक कापून टाकले जात. राउंड नव्हे, नुसते कापून. प्रत्येक वेळी गळणारा अंश हजारावा भागसुद्धा नव्हता. नोव्हेंबर १९८३ पर्यंत निर्देशांक ५२४ वर आला होता. चूक सापडल्यावर पुन्हा हिशोब केला, खरा आकडा निघाला १,०९८. बाजार वर गेलेला होता आणि आकडा निम्म्यावर आला होता. थेंबे थेंबे तळं साचतं, तसं थेंबे थेंबे तळं आटतंही.

फाईलच्या आकारात हीच 'कापाकापी' वेगळ्या रूपाने येते. सी किंवा जावामध्ये २,०४७ या पूर्णांकाला १,०२४ या पूर्णांकाने भागलं तर उत्तर येतं १. पूर्णांकाचा भागाकार पूर्णांकच, उरलेलं सोडून दिलं जातं. दोन केबीला एक बाइट कमी असलेली फाईल एक केबीची दिसते. पायथनच्या दुसऱ्या आवृत्तीतही असंच व्हायचं. २००८ मध्ये तिसरी आवृत्ती आली आणि तिने भागाकाराचा अर्थ बदलला. आता तेच चिन्ह अपूर्णांक देतं, आणि तळाचा पूर्णांक हवा असेल तर वेगळं चिन्ह लिहावं लागतं. इथे दोन अर्थांना दोन चिन्हं दिली गेली, आणि जुनी आवृत्ती हळूहळू बंद केली गेली. नया पैशाची गोष्ट पुन्हा.

त्याच आवृत्तीने राउंडचा अर्थही बदलला. पायथनला आज विचारा, २.५ राउंड केले तर किती? तो सांगतो २. आणि ३.५? तो सांगतो ४. शाळेत आपण शिकलो, की अर्धा आला की वर जायचं. मग हे काय? याला अर्धा आला तर सम संख्येकडे जाण्याचा नियम म्हणतात. कारण सोपं आहे. प्रत्येक अर्धा वरच ढकलत राहिलो, तर हजारो संख्यांची बेरीज हळूहळू फुगत जाते. कधी वर, कधी खाली गेलो, तर पारडं समतोल राहतं. १९८५ साली आयईईई ७५४ हे अपूर्णांकांच्या हिशोबाचं मानक ठरलं, त्यात हाच नियम मूलभूत धरला गेला. त्या कामाचे अग्रणी विल्यम कहान यांना १९८९ चं ट्युरिंग पारितोषिक मिळालं. उलट जावास्क्रिप्टला २.५ दिले तर ती ३ सांगते. म्हणजे एकच संख्या, दोन भाषा, दोन उत्तरं, आणि दोन्हींमागे विचार आहे.

इथे एक बारकावा सांगायलाच हवा. पायथनला २.६७५ दोन दशांशांपर्यंत राउंड करायला सांगितलं, तर तो २.६७ सांगतो, २.६८ नाही. लोक म्हणतात, ही चूक आहे. पण २.६७५ ही संख्या दोनाच्या पद्धतीत पूर्णपणे लिहिताच येत नाही, जशी एक तृतीयांश दशांशात लिहिता येत नाही. यंत्रात जी साठवली जाते ती २.६७५ पेक्षा किंचित कमी असते. राउंड बरोबरच झालं, पण ज्या संख्येचं झालं ती आपण लिहिलेली नव्हती. गंमत म्हणजे १,०२४ ने भागताना हा त्रास होत नाही. दोनाच्या घाताने भागणं यंत्रासाठी नेमकं असतं, नेहमीच्या आकाराच्या फाईलमध्ये एक कणही हरवत नाही. हजाराने भागताना हरवतो. म्हणजे माणसाला सोयीचा हजार यंत्राला गैरसोयीचा, आणि यंत्राला सोयीचा १,०२४ माणसाला. रूपांतर करणारी ओळ या दोघांच्या मधे दुभाष्यासारखी उभी असते.

आता या सगळ्या पायऱ्या जिथे एकत्र येतात तो किस्सा. प्रोग्रामर मंडळींच्या एका प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावर २०१० साली कोणीतरी जावामधली एक छोटी कृती दिली, बाइट घ्या आणि माणसाला वाचता येईल असा आकार द्या. सुटसुटीत, चारपाच ओळींची. पुढे २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं, की त्या संकेतस्थळावरून उचलून प्रकल्पांत चिकटवलेल्या जावाच्या तुकड्यांमध्ये हीच कृती सर्वाधिक वेळा उचलली गेली आहे. आणि २०१९ मध्ये मूळ लेखकानेच जाहीरपणे दाखवून दिलं, की तिच्यात दोष आहे. दोष कोणता? ९,९९,९९९ बाइट दिले, तर ती म्हणायची '१०००.० केबी'. म्हणायला हवं होतं '१.० एमबी'.

कारण पायऱ्यांचा क्रम. आधी एकक ठरवलं. दहा लाखांपेक्षा कमी, म्हणून केबी. मग भागलं, ९९९.९९९ आले. मग राउंड केलं, झाले १०००.०. राउंड केल्यावर संख्या उंबरठा ओलांडून गेली, पण नाव अलीकडेच राहिलं. खरा उंबरठा दहा लाख हा नाहीच. एका दशांशापर्यंत दाखवायचं असेल तर तो ९,९९,९५० आहे. सीमा कुठे आहे हे वस्तूवरून ठरत नाही, आपण किती बारकाईने सांगणार आहोत यावरून ठरतं. ग्रीकांनी विचारलं होतं, की धान्याच्या ढिगातून एकेक दाणा काढत गेलं तर ढीग ढीग म्हणून कधी संपतो? त्याचं नेमकं उत्तर नाही असं आम्ही शिकवत आलो. इथे उत्तर आहे, कारण अचूकता किती हवी हे आपण आधी ठरवलेलं आहे.

मग राउंड करावं तरी कसं? आमच्या मते हा प्रश्न गणिताचा नाही, प्रयोजनाचा आहे. आकडा कोणासाठी आणि कशासाठी? सामान ठेवायला किती जागा लागेल असं कोणी विचारलं, तर वर ढकलावं. ग्नू प्रणालीतली फाईलची यादी तेच करते. तिला वाचनीय आकार मागितला, तर १,०२५ बाइटची फाईल ती '१.१ के' दाखवते. जागा लागेल त्यापेक्षा कमी सांगितली तर माणूस फसेल, थोडी जास्त सांगितली तर कोणाचं बिघडत नाही. उलट, किती जागा शिल्लक आहे असं विचारलं, तर खाली आणावं. नुसती कल्पना द्यायची असेल, तर जवळच्या संख्येला न्यावं. आणि कोणाला आत घ्यायचं, कोणाला नाही, हे ठरवायचं असेल, तर राउंड करूच नये. तिथे बाइटला बाइट ताडून पाहावेत. राउंड केलेली संख्या दाखवण्यासाठी असते, निवाड्यासाठी नाही.

आता त्या मुलीच्या अर्जाकडे पाहा. तिला दाखवलेले तिन्ही आकडे दाखवण्यासाठी काढलेले होते. एक १,०२४ ने भागून जवळ नेलेला, दुसरा १,०२४ ने भागून वर ढकललेला, तिसरा हजाराने भागलेला. तिला ते निवाड्यासाठी वापरावे लागले, कारण अर्जाने 'केबी' म्हणताना कोणता केबी हे सांगितलं नाही. 'फोटो ५०,००० बाइटपेक्षा मोठा नको, तुमचा फोटो ५१,००० बाइटचा आहे' एवढं एक वाक्य तिथे असतं, तर तिने फोटो जरा कापून पुन्हा चढवला असता. जाणकारांच्या छोट्या घोळक्यात जी ढिलाई साठच्या दशकात चालून गेली, ती लाखो अर्जदारांच्या समोर चालत नाही. तिथे ज्याला संदर्भ माहीत नाही, त्याच्यावरच तिचा भार पडतो.

शेवटी एक जुना शब्द तुमच्यापुढे ठेवतो. आर्यभटाने परिघ आणि व्यास यांचं गुणोत्तर दिलं आहे. वीस हजार व्यासाच्या वर्तुळाचा परिघ बासष्ट हजार आठशे बत्तीस, म्हणजे आपलं ३.१४१६. आणि हे देताना त्याने एक शब्द जोडला, 'आसन्न'. जवळचा. हा आकडा नेमका नाही, जवळचा आहे, हे त्याने आकड्यासोबतच सांगून टाकलं. राउंड केलेल्या संख्येत लाज वाटण्यासारखं काही नाही. माणूस नेमक्या संख्यांवर जगू शकत नाही, त्याला सुमार लागतो, अदमास लागतो. फक्त ती आसन्न आहे हे तिच्याबरोबर लिहिलेलं असावं, आणि आसन्न कोणत्या बाजूने, कोणत्या मापाने, हेही.

तुमच्यापैकी जे तरुण प्रोग्राम लिहितात, त्यांना एवढीच विनंती. आकार साठवताना बाइट साठवा. हिशोब बाइटमध्ये करा. राउंड एकदाच करा आणि अगदी शेवटी करा, एकक ठरवण्याच्या आधी. आणि 'केबी' लिहाल तिथे हजार की १,०२४, हे वाचणाऱ्याला कळू द्या.

प्रश्न असतील तर आता घेऊ.